दुर्पताची हजेरी

"नसलेल्या माणसाची सही करू नाही, पोट्टे."

सुलोचनामावशी म्हणाल्या, तेव्हा माझ्या हातात वसतिगृहाचं पेन होतं. सुतळीनं टेबलाला बांधलेलं. हजेरीचं रजिस्टर स्वयंपाकघराच्या दारातच असायचं, तेलाच्या डब्याशेजारी. सकाळी पोहे घ्यायचे, आपल्या नावापुढं सही करायची आणि पुढं सरकायचं. मी दोन सह्या केल्या होत्या. एक माझी, मोनाली ठमके. तिच्या वरच्या ओळीत दुसरी, दुर्पता टेकाम.

"का मावशी, पाप लागतं?"

"पापगिप मले नाही माहीत. कागदावर आहे म्हटलं की आहेच होते ते माणूस. मंग त्याले कोण पाहाले जाते?"

"तुमचं एक ताट वाचतंय ना रोज? मग झालं तर!"

रांगेत मागं उभ्या असलेल्या मुली हसल्या. मावशींनी झारा कढईच्या काठावर आपटला आणि माझ्या प्लेटमध्ये जरा कमीच पोहे टाकले. ही त्यांची रागवायची पद्धत होती. मी सगळ्यांसोबत हसत बाकावर जाऊन बसले.

आमच्याकडे या प्रकाराला 'हजेरी सांभाळणं' म्हणत. कॉलेजच्या आवारातलंच वसतिगृह, साठेक मुली, जवळजवळ सगळ्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीचा नियम साधा होता. या रजिस्टरात पंच्याहत्तर टक्के हजेरी असेल तरच फॉर्म पुढं जाणार. नाहीतर फी अंगावर, जेवण अंगावर, आणि मग घरचा रस्ता. पण पोरी खेड्यापाड्यातल्या. कुणाच्या घरी कापूस वेचायला माणूस नसायचं, कुणाची आई बाळंत व्हायची, कुणाला पाहायला पाहुणे यायचे. म्हणून नव्या मुली आल्या की सिनिअर त्यांना पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवत. नळाला पाणी किती वाजता येतं, आणि जोडीदारणीची सही कशी करायची.

माझी जोडीदारीण दुर्पता होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोघी, एकाच खोलीत. आजीचं नाव ठेवलंय म्हणून वैतागायची, पण दुसऱ्या कुणी दुर्पी म्हटलेलं तिला खपायचं नाही. तिची सही सोपी नव्हती. 'टेकाम'मधल्या 'म'चं शेपूट ती लांब ओढायची आणि खाली दोन टिंबं द्यायची. ती टिंबं नेमकी जमायला मला पावसाळाभर सराव करावा लागला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच शनिवारी तिला बाजारात गावचा माणूस भेटला. तिच्या आईचा हात मोडला होता. कापूस शेतात फुटून पडलेला, आणि वेचायला बाप एकटा.

"आठ दिवस जाते आणि येते," ती पिशवी भरता भरता म्हणाली. "जुलैत टायफॉइडनं माझी किती हजेरी गेली, माहीत आहे ना तुला? आता आठ दिवस गेले तर फॉर्म गेला."

"जा गं. मी आहे ना."

"टिंबं विसरू नको."

"नाही विसरत. बस कितीची?"

"दीडची. चुकली तर काळीपिवळीनं जाईन फाट्यापर्यंत. पुढं चालतच तर जायचं आहे."

फाटकापर्यंत मी तिला सोडायला गेले. स्टँड समोरच, रस्त्याच्या पलीकडं होतं. दीडची बस निघून चालली होती, आणि स्टँडबाहेर काळ्यापिवळ्या जीपपाशी एक ड्रायव्हर गावांची नावं ओरडत होता. दुर्पता पिशवी सावरत जीपकडं पळाली. वळून तिनं हवेत दोन बोटं टोचून दाखवली. दोन टिंबं.

आठाचे दहा दिवस झाले, दहाचे पंधरा. मला काळजी वाटली नाही, हे मी लपवणार नाही. वेचणीला गेलेल्या मुली महिना महिना यायच्या नाहीत. तिच्या गावात फोन नव्हता, तिच्याकडंही नव्हता. मी रोज सकाळी सही करत होते. खरं सांगायचं तर मला त्या सहीचा अभिमान वाटायला लागला होता. आमच्या गृहपाल दाभाडे मॅडम जिल्ह्याहून येऊन-जाऊन असायच्या. आठवड्यातून दोनदा यायच्या आणि सगळ्या पानांवर एकदम लाल पेनानं सही ठोकून जायच्या.

मावशी मात्र अधूनमधून विचारायच्या. "आली का व तुही दुर्पता?"

"येईल हो मावशी. कापूस संपला की."

"निरोप तरी आला का?"

"कशाचा निरोप? घरीच तर आहे ती."

बाविसाव्या दिवशी, रविवारी, मॅडम अचानक उगवल्या. सगळ्या मुलींना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं.

"उद्या दुपारी तीन वाजता शिष्यवृत्तीची पडताळणी आहे. जिल्ह्याचं पथक येतंय. ज्या मुली नाहीतच त्यांच्या नावानं पैसे उचलतात, अशा तक्रारी गेल्यात वरती. एकेक नाव पुकारणार आणि एकेक मुलगी बघणार." त्यांनी रजिस्टर उचलून दाखवलं. "नाव आहे, सही आहे आणि मुलगी नाही, असं झालं तर नाव कापलं जाईल. आणि सही जिनं केली तिचंही. कळलं?"

मॅडमना सगळं माहीत होतं. नजर माझ्यावर आली आणि पुढं गेली.

रात्री आमच्या खोलीतली तिसरी मुलगी, कांचन, म्हणाली, "सकाळच्या पहिल्या गाडीनं जा आणि तिला घेऊन ये. तीनच्या आत येशील. नाहीच जमलं तर इकडचं मी बघते."

"काय बघशील?"

"बघते म्हटलं ना."

करंज फाट्याला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तिथून करंजगुडा, दुर्पताचं गाव, पाऊण तासाची चाल. दोन्ही बाजूला कापूस, वाटेत माणूस नाही. एका ठिकाणी नाला लागतो, त्याच्यावर नुसते दगड टाकलेले. त्या नाल्यापाशी मला पहिल्यांदा कसंतरी झालं. का ते कळलं नाही. मी चालण्याचा वेग वाढवला एवढंच.

दुर्पताचे वडील शेतातच भेटले. कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होते. मला ते ओळखत होते. ॲडमिशनच्या वेळी आम्ही एका बाकावर बसून एकमेकांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स सांभाळल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला आणि मग ते माझ्या मागं पाहायला लागले. पांदणीच्या वाटेकडं. कुणीतरी मागून येत असेल, असं.

"एकटीच आली का व बाई? दुर्पी नाही आली?"

मीही वळून तिकडंच पाहिलं.

"तिले सांगजो, मायचा हात मोडला होता, पण बरा हाय आता. आम्ही मुद्दामच निरोप नाही धाडला. अभ्यास बुडते, शिष्यवृत्ती बुडते. संक्रांतीलेच ये म्हणा." मग ते थांबले. "तू कायले आली पण?"

"काका," मी म्हणाले, "ती... ती घरी यायला निघाली होती."

"कवा?"

हातातलं बोंड त्यांनी तसंच धरलेलं होतं. मला अजून ते बोंड दिसतं. अर्धं रिकामं, अर्धं भरलेलं.

"काल," मी म्हणाले.

तोंडातून गेलं. तेवीस दिवस म्हटलं असतं तर तो माणूस तिथंच बसला असता, असं वाटलं म्हणून गेलं. आणि दुसऱ्या कारणानंही गेलं, ते पुढं सांगते.

ते चक्क हसले. "हात् तिच्या! काल निघाली? मंग तिच्या मावशीकडं थांबली असन फाट्यावर. तिची लाडाची हाय ते. तू घाबरली ना? चाल, चहा पे अन् जाऊ तिकडं."

चहा मी प्यायले. गळ्यात हात बांधलेली तिची आई चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "बाळंतपण हाय मावशीच्या सुनीचं, त्याच्यातच गुंतली असन." मी मान हलवली. भिंतीवर दुर्पताचा दहावीचा सत्काराचा फोटो होता आणि खुंटीला तिचा जुना शाळेचा फ्रॉक. त्या घरात कुणीही तिची वाट पाहत नव्हतं. तिकडं वसतिगृहात मीही पाहत नव्हते.

फाट्यावरच्या मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "दुर्पी? दिवाळीपासून तं आली नाही ते."

काका तसेच माझ्यासोबत निघाले. बसमध्ये माझ्या शेजारी बसले, पंचा दोन्ही हातांत पिळत. एकदाच म्हणाले, "परत वसतिगृहातच गेली असन. बस भेटली नसन." मी म्हणाले, "हो काका." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी भीती त्यांना दिसत होती आणि ते मला धीर देत होते.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आवारात पांढरी सरकारी गाडी उभी. हॉलच्या खिडक्या उघड्या, आणि आतून एकसुरी आवाज येत होता. नाव, मग 'हजर सर'. नाव, मग 'हजर सर'. आम्ही पायऱ्यांपर्यंत आलो.

"टेकाम दुर्पता लक्ष्मण."

मग हॉलच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला.

"हजर, सर."

काकांनी माझा हात घट्ट दाबला. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता. "हाय! हाय व इथंच!" म्हणत, चपला पायरीवरच टाकून ते आत धावले.

"ठमके मोनाली देवराव."

"हजर, सर."

मी पायरीवर उभी होते आणि माझ्या नावाला आतून कुणीतरी ओ दिली होती. मावशी झारा धरून जे म्हणाल्या होत्या ते मला तिथं, त्या पायरीवर कळलं. मी या क्षणी कुठंही असते, नाल्यात पडलेली असते, तरी आत हजरच होते.

मी आत गेले. काका मुलींच्या रांगांमधून वाकून वाकून एकेकीचा चेहरा पाहत चालले होते. "दुर्पे! ए दुर्पे!" मुली खाली बघत होत्या. ओढणीनं डोकं झाकून मागं बसलेल्या कांचननं तोंड गुडघ्यात घातलं.

"कोण तुम्ही? आत कसे आलात?" यादी वाचणारे साहेब म्हणाले. पोट सुटलेला, दमलेला माणूस होता. त्यांनी इतका वेळ यादीवरून मान वर केलीच नव्हती.

"बाप हाय साहेब तिचा. आता बोलली ना ते? कुठं हाय?"

"मोनाली," दाभाडे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "यांना बाहेर घेऊन जा. पाणी दे."

"थांबा मॅडम. काय प्रकार आहे हा? मुलगी आहे का नाही?"

मग स्वयंपाकघराच्या दारातून सुलोचनामावशी पुढं आल्या. हात पिठाचे होते, ते त्यांनी पदराला पुसले.

"नाही साहेब. तेवीस दिवस झाले, पोरगी नाही. मी ताटं मांडते. मले माहीत."

काकांनी मावशींकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

साहेबांनी रजिस्टर ओढलं, पानं उलटली, बोटानं ओळ धरली. "बाई, रोजची सही आहे इथं. कालचीसुद्धा आहे. गृहपालांची सही आहे. तुम्ही स्वयंपाकीण ना?"

"सही काय जेवते का साहेब?"

एकदोन मुली नकळत हसल्या, आणि ते हसू मधेच तुटलं.

"पोरी," काका मला म्हणाले, "तू तं काल म्हणली."

साहेब माझ्याकडं वळले. "तू तिची रूममेट? नीट सांग. मुलगी कधीपासून नाही?"

हॉलमध्ये पंखा फिरत होता. मॅडमच्या हातात लाल पेन होतं. माझा फॉर्म त्याच गठ्ठ्यात होता, दुर्पताच्या फॉर्मच्या खाली. माझे वडील वारल्यावर आईनं मला त्या फॉर्मच्या भरवशावर घराबाहेर पाठवलं होतं. धाकटी बहीण माझ्यामागून यायची होती. बावीस सह्या, आणि प्रत्येक सहीखाली दोन टिंबं, माझ्या हातची.

"कालपासून, सर," मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या. पोळ्या करपत होत्या.

पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. रविवारी सकाळी हजेरीला सही करून बाहेर पडली, तेव्हापासून बेपत्ता. रविवारच्या बसचे कंडक्टर बोलावले. रविवारी स्टँडवर कोण कोण होतं ते विचारलं. कुणीच तिला पाहिलेलं नव्हतं, आणि ते सगळे खरं बोलत होते. काका पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात बसून राहायचे. मावशी त्यांना डबा न्यायच्या. मला हाक मारायच्या नाहीत.

शनिवारी, पाचव्या दिवशी, मी मावशींच्या मागं मागं चालत पोलीस स्टेशनला गेले आणि सगळं सांगितलं. दीडची बस, काळीपिवळी, गावांची नावं ओरडणारा ड्रायव्हर. त्याच्या डाव्या कानात बाळी होती हेही मला आठवत होतं. मला सगळं आठवत होतं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "बाळीवाला? तो परगावचा होता. जीप विकून गेला इथून."

"कधी?"

"गुरुवारी. गुरुवारपर्यंत तर इथंच चहा प्यायचा, समोरच्या टपरीवर."

काका बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं. माझ्या डोक्यावर त्यांनी पुन्हा हात ठेवला नाही, शिवीही दिली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सही तू करत होती?"

"हो काका."

"तिच्यासारखीच?"

"हो."

त्यानंतर त्या ड्रायव्हरला शोधायला एकदा दोघं पोलीस आंध्रात जाऊन आले. तो सापडला नाही. त्यानंच काही केलं असेल, असंही मला म्हणता येत नाही. फाट्यावर उतरून ती चालत निघाली असेल, पुढं नाला आहे, पाऊण तासाची निर्मनुष्य वाट आहे. तेवीस दिवसांनी कुठल्या वाटेवर काय उरतं? अठ्ठावीस दिवसांनी?

फेब्रुवारीत कॉलेजच्या फलकावर शिष्यवृत्तीची यादी लागली. मी जे सांगितलं ते पोलिसांच्या कागदावर होतं, कॉलेजच्या नव्हतं. पडताळणीच्या अहवालात सगळ्या मुली हजर होत्या; त्या दिवशीची यादी कुणी बदललीच नव्हती. माझी शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. तिचीही.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. करंजगुड्याला मी दर वर्षी जाते. पहिली दोन वर्षं काकांनी मला ओसरीच्या वर बोलावलं नाही. नंतर बोलवायला लागले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते तालुक्याला जाऊन बँकेत दुर्पताच्या खात्याचं पासबुक छापून घेतात. बँकेतले लोक आता त्यांना काही विचारत नाहीत. शिष्यवृत्तीची ती रक्कम तशीच आहे. काकांना ती नको आहे. कुणी त्यातून पैसे काढले का, एवढंच त्यांना बघायचं असतं. एखाद्या महिन्यात आकडा कमी झालेला दिसला तर ती कुठंतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वेळी गेले तेव्हा त्यांनी मला पासबुक दाखवलं. बारा वर्षांत फक्त व्याज वाढत गेलंय.

माझी मुलगी ऋजुता चार वर्षांची आहे. तिच्या शाळेतून रोज सव्वानऊला मोबाईलवर निरोप येतो, 'आपली पाल्य उपस्थित आहे'. तो आला की मी ऑफिसातून शाळेत फोन लावते आणि बाईंना म्हणते, तिला जरा फोनवर द्या. नवरा म्हणतो, हे अती होतंय. शाळेतल्या बाईही वैतागतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला समोर बसवून विचारलं की तुम्हाला काही त्रास आहे का. मी हो म्हणाले.

तुम्हाला एक विचारते. तुमच्या घरातली, नाहीतर शेजारची, एखादी मुलगी शिकायला बाहेर असेल. वसतिगृहात, मामाकडं, कुठंही. ती तिथं आहे असं तुम्ही धरून चालला असाल, आणि ती घरी गेली असेल असं तिथले लोक धरून चालले असतील. तिची हजेरी विचारू नका. तिच्या मैत्रिणीला विचारू नका, मैत्रीण माझ्यासारखी असू शकते. हे वाचून झाल्यावर फोन लावा आणि तिलाच बोलायला सांगा. ती आंघोळीला गेलीय, झोपलीय, नंतर करते, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवू नका. थांबून राहा. तिचा आवाज येईपर्यंत.